पणजीचे दोनशे सत्तर

चवथीला आठ दिवस उरले की डिचोलीच्या बाजारात छत्री उघडायलाही जागा नसते. २०२५ च्या ऑगस्टात तर पाऊस असा चिकटून बसला होता की कापडाच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत फायलींना बुरशीचा वास येऊ लागला होता. मी बाजारातल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरतो. २० तारीख डोक्यावर होती, इंटरनेट रडत होतं, आणि अशा वेळी ती काकी जिना चढून वर आली. आमच्याच गावाकडची. काजूच्या हंगामात बिया घेऊन बाजारात येते, एरवी परसातली भाजी, पावसात नशीब असेल तर अळमी. कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेलं एक बिल तिने काढलं, माझ्या कीबोर्डवर ठेवलं आणि ओल्या बोटाने त्यावरची एक जागा दाबून धरली. "पळय मरे पुता. हांगा एकूच आंकडो दोन फावट बरयला. फटयलें न्हय म्हाका?"

मिक्सरचं बिल होतं. किंमत ३००० रुपये. खाली एका ओळीत ९ टक्के, २७० रुपये. त्याच्या खालच्या ओळीत पुन्हा ९ टक्के, पुन्हा २७०. एकूण ३५४०. मी हसलो. सांगितलं की काकी, कोणी फसवलं नाही, एक २७० दिल्लीचे आणि दुसरे पणजीचे, सगळीकडे असंच असतं. घरात कोकणी, पेपर मराठी आणि बिल इंग्रजीत, त्यात तिला ते कोण वाचून दाखवणार. तिने दोन्ही ओळींकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग विचारलं, "मागीर पणजेचें पणजेंतूच उरता?" मी म्हटलं, उरतं. "तशें जाल्यार बरें," म्हणून तिने बिलाच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि जिना उतरून गेली. मी रिटर्नकडे वळलो.

रात्री जेवताना मात्र भाताच्या पहिल्या घासाला तिचं ते बोट आठवलं.

पंचवीस वर्षं आकडे लिहून पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुठलाही आकडा सुटा दिसला की तो पुढे कुठे जातो हे पाहिल्याशिवाय झोप येत नाही. पणजीचे २७० पणजीत उरतात, तिथे फारसा प्रश्न नाही. मिक्सर गोव्याबाहेर बनला असला तरी जिथे माल खपतो तिथल्या राज्याला कर, हे या व्यवस्थेचं मूळ तत्त्व आहे, आणि कारखाने कमी, खाणारे-पिणारे-फिरणारे जास्त अशा आमच्या राज्याला ते सोयीचंच पडतं. गोची दिल्लीच्या २७० ची. ते जातात सगळ्या राज्यांत वाटायच्या रकमेत. पंधराव्या वित्त आयोगाने सांगितलं होतं की या रकमेतले ४१ टक्के राज्यांना द्या. म्हणजे ११० रुपये ७० पैसे. आणि राज्यांच्या वाट्यातला गोव्याचा हिस्सा ०.३८६ टक्के. पाटावर बसल्या बसल्या मोबाईलवर गुणाकार केला. काकीने दिल्लीला दिलेल्या २७० रुपयांतून गोव्याला परत आले ४३ पैसे. बायको म्हणाली, जेवताना तरी ते बाजूला ठेवा.

आता हे गणित लबाड आहे, हे मलाही कळतं. बिहारमध्ये कोणी मिक्सर घेतला तर त्याच्याही २७० मधले ४३ पैसे गोव्याला येतातच, तमिळनाडूतल्याचेही येतात. देशभरच्या अशा त्रेचाळीस-त्रेचाळीस पैशांची मोट बांधूनच आमच्या अर्थसंकल्पात तो मोठा आकडा उभा राहतो. शिवाय माणसं किती, आणि राज्य सरासरीने किती गरीब, यावर वाटा ठरणार असेल तर दरडोई उत्पन्नात वर बसणाऱ्या चिमुकल्या राज्याने फार तोंड वर करू नये. ज्याच्या ताटात आहे त्याने वाढताना मागे सरावं, हे आपल्याच पंगतीचं रीतीचं वागणं. इथपर्यंत मला पटतं. न पटणारी गोष्ट वेगळी आहे. पंगतीत येण्याआधीच स्वयंपाकघरात एक पातेलं बाजूला काढून ठेवलं जातं. अधिभार आणि उपकर राज्यांत वाटायचे नसतात, आणि दिल्लीला ती वाट फार आवडली आहे. मे २०२२ नंतर पेट्रोलच्या लिटरमागे केंद्राचा कर होता १९ रुपये ९० पैसे. त्यातला वाटपात येणारा मूळ कर किती, तर १ रुपया ४० पैसे. बाकीचा सगळा उपकर नि अधिभार. म्हणजे ४१ टक्क्यांवर आयोगाच्या खोलीत कितीही डोकेफोड होवो, ती त्या एक रुपया चाळीस पैशांवरची डोकेफोड. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी स्कूटरमध्ये पेट्रोल भरत होतो आणि पंपावरच्या मुलाला विनाकारण दोनदा आकडा विचारला.

माझी आजी दोडामार्गकडची. तिच्या लग्नात वऱ्हाड सरहद्द ओलांडून आलं ते पोर्तुगीज पहाऱ्याला कागद दाखवून. तिच्या गोष्टींत सरहद्द ही एक बाई असावी तशी यायची, कधी चिडकी, कधी लाच खाणारी. भारताने नाकेबंदी केली तेव्हा इथे हॉलंडचे बटाटे आले, ते तिला गोड लागले नाहीत, हे ती पन्नास वर्षांनंतरही तक्रारीच्या सुरात सांगायची. १९६१ च्या डिसेंबरात ती सरहद्द गेली, पण नाका राहिलाच. पत्रादेवीला, केरीला, दोडामार्गला ट्रक थांबायचे, विक्रीकराचे कागद तपासले जायचे. १ जुलै २०१७ नंतर ते नाकेही गेले. त्या आठवड्यात मी मुद्दाम दोडामार्गला जाऊन आलो. काही नव्हतं. एक आडवा बांबू, एक रिकामी खुर्ची आणि खुर्चीखाली कुत्रं. आजी असती तर तिला दाखवलं असतं.

तिच्या माहेरचा माझा एक मामेभाऊ अजून पलीकडे राहतो. चवथीचं सामान, लग्नाचे कपडे, फ्रीज, सगळं म्हापशातून घेतो, कारण सावंतवाडीपेक्षा त्याला म्हापशात निवड जास्त मिळते. काउंटरवर घेतलेल्या वस्तूच्या बिलावर बाहेरच्या राज्याचा पत्ता घातला नाही तर कर दुकान जिथे आहे त्या राज्याला. म्हणजे त्याच्या फ्रीजने पणजीची तिजोरी भरली. आणि २०१८ पासून गोव्याच्या सरकारी इस्पितळात बाहेरच्या राज्यातल्या रुग्णाला शुल्क लागतं. तो एकदा माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, फ्रीज घेताना मी गोंयकार आणि ताप आला की महाराष्ट्राचा, असं कसं रे? मी त्याला पलीकडच्या सरकारने तिथे इस्पितळ बांधावं वगैरे ऐकवलं. तो चहा पीत ऐकत राहिला. दिल्लीबद्दल माझी जी तक्रार, तीच त्याची माझ्याबद्दल होती, हे तो गेल्यावर कप विसळताना सुचलं.

पण काकीच्या प्रश्नाने मला खरं टोचलं ते आणखी आत.

बाबांचा टिप्पर होता. बँकेच्या कर्जावर घेतलेला, पुढच्या काचेवर 'श्री शांतादुर्गा प्रसन्न'. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात त्या काळी ज्याच्या अंगणात टिप्पर नाही त्याच्या घरी मुलगी देताना लोक दोनदा विचार करायचे. पहाटे चारला इंजिन घरघरायचं. खाणीवरून खनिज भरायचं, आमोण्याच्या धक्क्यावर बार्जमध्ये ओतायचं, परत यायचं. जितक्या ट्रिपा तितके पैसे, म्हणून सगळे ट्रक पिसाटासारखे धावायचे. रस्त्याकडेची झाडं लाल, कौलं लाल, विहिरीवर लाल साय. आई धुतलेले कपडे घरात वाळत घालायची. तरी माझ्या पांढऱ्या शर्टाची कॉलर कधी पांढरी राहिली नाही. काकीचं घर तर अगदी रस्त्याला लागून. ती दिवसातून तीन वेळा अंगणात पाणी मारायची आणि ट्रकवाल्यांना शिव्या द्यायची, त्यात माझे बाबाही आले. २००८ च्या आसपास चीनने आमची कमी प्रतीची मातीसुद्धा उचलायला सुरुवात केली. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं. एवढ्याशा गोव्यातून. त्या दिवसांत बाबा मटण विकत घेताना भाव विचारत नसत.

त्या मातीवर सरकारला मिळायची रॉयल्टी. तिचा दर दिल्ली ठरवते, वसूल राज्य करतं. ऑगस्ट २००९ पर्यंत तो टनामागे ठरावीक रुपयांत होता. जगात भाव चढत गेला तरी आमचे रुपये तेवढेच. मग किमतीच्या १० टक्के झाला, २०१४ ला १५. इथवर दिल्लीला बोल लावता येतो आणि आम्ही तो मनापासून लावतो. पण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये जे सांगितलं ते दिल्लीच्या दारात नेऊन टाकता येत नाही. पोर्तुगीज काळात दिलेल्या खाण-सवलतींचे, म्हणजे खाणी चालवण्याच्या हक्कांचे, पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. म्हणजे पुढची पाच वर्षं, बाबांच्या भरभराटीची सगळी वर्षं, टिप्पर ज्या मातीच्या खेपा मारत होता ती खाणवाल्यांची नव्हतीच. ती राज्याची होती. काकीची होती म्हणा. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने गोव्याच्या नुकसानीचा आकडा काढला सुमारे ३५ हजार कोटींचा. त्याच्यावर वाद झाले, होऊ देत. अर्धा धरा, पाव धरा. आणि त्यानंतरही शहाणपण आलं म्हणावं तर लिलाव न करता ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण पणजीतच झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने तेही रद्द केलं.

२०१२ चं वर्ष मला कधी विसरता येत नाही. त्या एप्रिलात पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला. पेट्रोल एका रात्रीत सुमारे ११ रुपयांनी उतरलं. सावंतवाडीच्या, कारवारच्या नंबरप्लेटी आमच्या पंपांवर रांगा लावून उभ्या असायच्या आणि आम्ही कौतुकाने पाहायचो. राज्याला स्वतःचा कर ठरवता येण्याची चव कशी असते ती तेव्हा जिभेवर आली. महागाईवर उतारा म्हणून गृहिणींना दर महिन्याला पैसे देणारी गृह आधार योजनाही त्याच वर्षीची. चवथीच्या सुमारास मात्र खाणी थांबल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. टिप्पर अंगणात उभा राहिला. पहिल्या पावसात त्याच्या हौद्यात पाणी साचलं, दुसऱ्या पावसात गवत उगवलं. अंगण पहिल्यांदाच स्वच्छ राहू लागलं होतं. आई दोरीवर कपडे वाळत घालायची आणि बाबा खिडकीतून त्या पांढऱ्या कपड्यांकडे बघत बसायचे. त्यांना ते आवडत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

दिल्ली आमच्या घरी आली तो दिवसही लक्षात आहे. २० सप्टेंबर २०१९. जीएसटी परिषदेची बैठक गोव्यात होती. मी पणजीला एका कामासाठी गेलो होतो, जागोजागी पोलीस, एका हॉटेलात चहा-भजी घेत टीव्ही बघत होतो. बैठकीआधीच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीतून जाहीर केलं की कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. शेअर बाजार त्या दिवशी १९०० अंकांच्या वर उसळला. हॉटेलातला एकजण टाळ्या वाजवू लागला, त्याचे शेअर असावेत. संध्याकाळी खोल्यांवरचा करही उतरला, तो हॉटेलवाल्यांना हवाच होता. केंद्राने सांगितलं की कंपनीकरातल्या सवलतीने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडावे लागतील. सोडणारं केंद्र, पण कंपनीकर हा वाटपातला कर, त्यातले तेव्हा ४२ टक्के राज्यांचे. ढोबळ हिशेब केला तर गोव्याचे सव्वादोनशे-अडीचशे कोटी त्यात गेले. आमच्याच गावात येऊन, आमचीच भजी खाऊन आमच्या ताटातलं काढलं, असं मी तेव्हा फेसबुकवर लिहिलं होतं आणि त्याला बरे लाईक मिळाले होते. आज ते वाक्य वाचताना जरा लाजायला होतं. सव्वादोनशे कोटींवर एवढा ओरडलो तो मी, बाबांच्या ट्रिपांवर शिकून मोठा झालेला.

बरं, आमचा आवाज कोणी ऐकत नाही, असंही सरसकट म्हणता येत नाही. लोकसभेत आमचे दोन, राज्यसभेत एक. पण जीएसटी परिषदेत केंद्राचं वजन एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या राज्यांना सारखं वाटलेलं. तिथे उत्तर प्रदेशचा हात आणि गोव्याचा हात एकाच मापाचा. स्वतंत्र भारतात गोव्याला इतकं मोठं कुठे बसवलेलं मला माहीत नाही. मग ऑगस्ट २०२३ मध्ये आमचा तो हात ठळकपणे वर गेला तो कशासाठी? कसिनोसाठी. २८ टक्के कर खेळणाऱ्याने डावावर लावलेल्या पूर्ण रकमेवर नको, खेळातून कसिनोकडे जे उरतं त्यावर लावा, असा आग्रह गोव्याने धरला. ऐकला गेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर तो कर ४० टक्के झाला. मांडवीतली ती झगमगती जहाजं मला आवडत नाहीत, रात्री पुलावरून जाताना मान दुसरीकडे वळते. पण शेजारच्या टिप्परवाल्याचा मुलगा त्यातल्याच एका जहाजावर पत्ते वाटतो. ज्या नदीतून बापाची माती बार्जमधून गेली त्याच नदीत मुलगा नोकरीला. त्याच्या पगारातून त्यांच्या घराचा हप्ता जातो. आता त्याच्या समोर बसून मी कराच्या तत्त्वाची काय चर्चा करू? त्याला फक्त माणसं कमी करणार का एवढं विचारायचं असतं.

माझ्या टेबलावर आणखी एक गोष्ट रोज दिसते. काकीच्या खात्यावर दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० येतात. मिक्सर तिने त्यातूनच साठवून घेतला. म्हणजे पणजीने दिलेल्यातले २७० पणजीनेच परत घेतले, आणि तेवढेच दिल्लीनेही. तिच्या बियांचं तर आणखी गमतीचं आहे. शेतकऱ्याकडून काजूबिया घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने तिच्याऐवजी स्वतः कर भरायचा असतो, याला उलट कर म्हणतात. मी स्वतः तशी नोंद करतो. तिची बी माझ्या रिटर्नमध्ये आहे, ती स्वतः कुठेच नाही. बोंडूच्या रसाची दारू मात्र जीएसटीबाहेर, तो अबकारी कर राज्याचा, त्यावर आम्हाला कोणाला विचारावं लागत नाही. राज्याच्या हातात स्वतःचं म्हणून काय उरलं, असं कोणी विचारलं तर फेणी नि पेट्रोल, असं मी चेष्टेने सांगतो. ही चेष्टा बाजारात चांगली खपते.

दिवाळीच्या आधी काकी पुन्हा भेटली. पोरं रस्त्यात नरकासुराचा सांगाडा बांधत होती, ती बाजूला पोहे घेऊन बसली होती. सगळीकडे कर उतरल्याच्या जाहिराती लागल्या होत्या. तिने विचारलं, मिक्सरचा उतरला? मी म्हटलं, नाही काकी, मिक्सर होता तिथेच, अठरावर. मग त्या दिवसाचं अर्धं उत्तर पुरं करावं म्हणून मी तिला ते त्रेचाळीस पैशांचं सांगायला गेलो. बिहार, तमिळनाडू, पंगत, पातेलं, सगळं. तिने पोह्यांचं माप भरून एका गिऱ्हाईकाच्या पिशवीत ओतलं, वर मूठभर जास्त टाकलं, पैसे मोजून कमरेला लावले. माझं बोलणं संपलं असं वाटल्यावर म्हणाली, "तें जांव. आनी आमच्या दारांतल्यान माती व्हरताले न्हय, ताचें बिल कोणा लागीं आसा?"

त्या रात्री माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. बाबांनी ट्रिपांच्या चिठ्ठ्या तारखेवार दोऱ्यात ओवून ठेवल्या आहेत, २००७ पासून २०१२ पर्यंतच्या. गाडीचा नंबर, भरल्याची जागा, धक्का, टन, सही. काहींवर ट्रिपचा दर पेन्सिलने. एकेक उलटत गेलो. मातीच्या किमतीचा रकाना एकाही चिठ्ठीवर नव्हता. बायको दिवा बंद करायला आली, टेबलक्लॉथकडे पाहिलं आणि म्हणाली, परवाच धुतलाय तो, आधी हात धुऊन या.